हप्त्याची गाडी

महामार्गावरच्या एखाद्या टपरीपाशी ट्रक उभा असला म्हणजे त्याच्या अंगावरची अक्षरे वाचण्याचा छंद पुष्कळांना असतो. केबिनच्या माथ्यावर कुलदैवताचे नाव, काचेवर मुलाबाळांची नावे, पाठीमागे चित्रविचित्र वचने आणि हॉर्न वाजवण्याची विनंती. ही सारी अक्षरे मोठी, रंगीत आणि वळणदार असतात. परंतु केबिनच्या दारापाशी, जरा वाकून पाहिल्याशिवाय दिसू नये अशा बेताने, आणखी एक ओळ लिहिलेली असते. ‘एच. पी.’ किंवा ‘हायपो. टू’ अशी तिची सुरुवात असते आणि पुढे एखाद्या बँकेचे वा फायनान्स कंपनीचे नाव असते. मोठ्या अक्षरांतला मालक आणि या बारीक अक्षरांतला मालक यांचा परस्परसंबंध काय, आणि दुसऱ्याच्या गाडीवर पगाराने राबणाऱ्या ड्रायव्हरने त्या संबंधात शिरावे की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय रुक्ष वाटेल. कविता आणि प्रवासवर्णनांच्या शेजारी हप्त्यांचे आकडे शोभत नाहीत, असेही कुणी म्हणेल. पण आमच्या एका वर्गातच चौघांचे वडील किंवा भाऊ लाइनवर आहेत. माझे वडील बावीस वर्षे ट्रक चालवतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या शेठने त्यांना आपली आठ वर्षे जुनी दहा टायरी गाडी हप्त्याने देऊ केली, आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. घरात इंग्रजी कागद वाचणारा मी पहिलाच. त्यामुळे हिशेब मांडण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे वाचले, ज्यांना ज्यांना विचारले आणि जे गुणाकार-भागाकार केले, ते इथे देत आहे.

ड्रायव्हरला मालक व्हावेसे वाटते याचे कारण केवळ पैसा नाही. पन्नाशी जवळ आली की डोळे आणि कंबर कुरकुर करू लागतात. बहुतेकांना फंड नाही, पेन्शन नाही. शेठ उद्या ‘नको’ म्हणाला तर बावीस वर्षांची नोकरी एका वाक्यात संपते. गाडी आपली असेल तर निदान म्हातारपणी दुसरा ड्रायव्हर ठेवून घरी बसता येईल, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात असतो. या इच्छेला हसणाऱ्यांपैकी मी नाही. प्रश्न फक्त कोणत्या कागदावर सही करून ती पुरी करायची, एवढाच आहे.

आपल्याकडे ज्याला भाडेखरेदी किंवा हायर पर्चेस म्हणतात, त्या पद्धतीचे कायदेशीर रूप इंग्लंडात एका पियानोवरून ठरले. एका गृहस्थाने छत्तीस मासिक हप्त्यांच्या बोलीने पियानो घरी नेला आणि चार महिन्यांत तो सावकाराकडे गहाण टाकला. १८९५ साली ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की हप्ते पूर्ण होईपर्यंत तो गृहस्थ पियानोचा भाडेकरू होता, खरेदीदार नव्हता. पियानो केव्हाही परत करण्याची त्याला मुभा होती. म्हणजे तो विकत घेण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते. सबब गहाण टाकण्याचा अधिकारही त्याला नव्हता. पियानो मूळ मालकाकडे परत गेला. भाडेखरेदीचे सगळे मर्म या निकालात आहे. शेवटचा हप्ता भरेपर्यंत आपण भाडे भरत असतो. चाळीस हप्ते भरून एकेचाळिसावा चुकला, तरी कागदाप्रमाणे आपण भाडे थकवलेले भाडेकरूच.

हल्ली बँका आणि फायनान्स कंपन्या बहुधा दुसरी पद्धत वापरतात. त्या कर्ज देतात, गाडी ड्रायव्हरच्या नावावर होते आणि आर. सी. बुकावर कंपनीचा बोजा चढतो. ही पद्धत ड्रायव्हरला बरी, कारण गाडी पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर असते. तरी दोन्हींत एक गोष्ट समान आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार बोजाची नोंद असेपर्यंत फायनान्सवाल्याच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. उलट त्याच कायद्यातील ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत, अशा कराराखालील गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस मालक मानला आहे. म्हणजे गाडी विकायची म्हटली तर फायनान्सवाल्याची परवानगी हवी, आणि गाडीखाली कुणी सापडले तर मालक ड्रायव्हर! यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही. गाडी ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची, हे रास्तच आहे. पण सही करण्यापूर्वी हे ठाऊक असावे.

हप्ता चुकला तर काय, याविषयी आपल्या कायद्याचा इतिहास जरा चमत्कारिक आहे. इंग्लंडात एलेन विल्किन्सन या महिला खासदाराने पुढाकार घेऊन १९३८ साली भाडेखरेदीचा कायदा करवला. ठरावीक मर्यादेतील वस्तूंच्या बाबतीत, एक-तृतीयांश रक्कम भरून झाल्यावर विक्रेत्याने कोर्टात गेल्याशिवाय वस्तू ओढून न्यायची नाही, असे त्याने ठरले. आपल्याकडेही १९७२ साली संसदेने भाडेखरेदी कायदा मंजूर केला. किमतीचा ठरावीक मोठा भाग फेडल्यानंतर परस्पर जप्ती करण्यास त्यातही मनाई होती. पण तो कायदा प्रत्यक्षात कधी अमलातच आला नाही. तेहेतीस वर्षे तो पुस्तकात राहिला आणि २००५ साली रद्द झाला. ज्याचा उपयोग एकाही ड्रायव्हरला झाला नाही असा हा कायदा! आता आधार आहे तो करारातल्या अटींचा आणि न्यायालयांच्या निर्णयांचा. वसुलीसाठी गुंड पाठवणे बँकांना शोभत नाही, ताबा कायदेशीर मार्गानेच घेतला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालच्या एका निकालात बजावले. तरीही टोलनाक्यापाशी सीझिंगवाल्यांनी गाडी अडवल्याच्या हकिगती कोणत्याही ढाब्यावर ऐकायला मिळतात.

आता आकड्यांकडे वळू. लेखाचा हा भाग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन वाचावा.

जुन्या गाडीसाठी दहा लाखांचे कर्ज, मुदत चार वर्षे, व्याज ‘दहा टक्के फ्लॅट’, असे समजू. फ्लॅट म्हणजे मूळ रकमेवर सरसकट. दहा लाखांवर दरसाल एक लाख, चार वर्षांचे चार लाख. एकूण चौदा लाख, भागिले अठ्ठेचाळीस. हप्ता रु. २९,१६७. ऐकायला दहा टक्के काही भारी नाहीत. पण दहा लाख आपल्याकडे चार वर्षे राहतात कुठे? पहिल्या महिन्यापासून मुद्दल फिटत जाते. दोन वर्षांनी निम्म्याच्या आसपास देणे उरलेले असते, तरी व्याज मात्र पुऱ्या दहा लाखांवरच चालू राहते. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हा दर साडेसतरा टक्क्यांच्या वर जातो. खऱ्याखुऱ्या दहा टक्के घटत्या दराने हप्ता रु. २५,३६३ बसला असता. दरमहा सुमारे ३,८०० रुपयांचा फरक, चार वर्षांत एक लाख ब्याऐंशी हजारांवर. एवढ्या पैशांत दहा टायरी गाडीचे जवळजवळ सगळे टायर नवे येतात.

या बाबतीत अलीकडे एक चांगली गोष्ट झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने बँका व फायनान्स कंपन्यांना एक माहितीपत्रक देणे सक्तीचे केले आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते असावे, आणि सर्व खर्च धरून वर्षाला खरा किती टक्के दर पडतो ते त्यात लिहिलेले असावे, असा नियम आहे. एजंट तोंडाने ‘फ्लॅट’चा आकडा सांगत असला, तरी आपण बोट ठेवायचे ते या पत्रकातल्या वार्षिक दरावर. ड्रायव्हरच्या घरात शिकलेले पोर असेल तर त्याने किमान एवढे काम करावे.

हप्ता समजला, पण तो भरायचा कशातून? वडिलांनी सांगितलेले आकडे मी सोयीसाठी गोल करून घेतले आहेत. भाग, माल आणि हंगाम यांप्रमाणे ते बदलतील. पद्धत बदलणार नाही. एक बाजू साडेसातशे किलोमीटर, म्हणजे फेरी दीड हजारांची. महिन्यात चार फेऱ्या झाल्या तर सहा हजार किलोमीटर. लिटरला चार किलोमीटरचे अॅव्हरेज आणि नव्वद रुपये लिटर धरले तर डिझेल एक लाख पस्तीस हजारांचे. टोल चोवीस हजार. टायरची झीज पंधरा हजार. हा खर्च महिन्याला दिसत नाही, म्हणून बहुतेक जण तो धरतच नाहीत, आणि मग एके दिवशी सहा टायर एकदम मागणी करतात. ऑइल, ग्रीसिंग, पाटे, किरकोळ दुरुस्ती बारा हजार. वराई, हमाली, ब्रोकरचे कमिशन आणि रस्त्यावरचे ‘इतर’ दहा हजार. या ‘इतर’चा खुलासा मी करीत नाही, वाचक सुज्ञ आहेत. विमा, टॅक्स, परमिट, पासिंग यांचा मासिक वाटा नऊ हजार. बेरीज दोन लाख पाच हजार.

जाताना बेचाळीस हजार आणि परतीला चोवीस हजार भाडे मिळाले, तर चार फेऱ्यांचे दोन लाख चौसष्ट हजार होतात. खर्च वजा जाता एकोणसाठ हजार उरले. त्यातून २९,१६७ चा हप्ता दिला. हातात राहिले रु. २९,८३३. ड्रायव्हर खूश होतो, कारण शेठकडे भत्त्यासह पंचवीस हजार पडत होते. पण इथेच थांबून पाहावे. गाडी तोच चालवतो आहे. त्याच्या स्वतःच्या श्रमाचे पंचवीस हजार खर्चाच्या बाजूला लिहिले, तर मालकीचा नफा फक्त ४,८३३ रुपये. अडीच-तीन लाख रोख घातले, रात्रीची झोप घालवली, साऱ्या जोखमी अंगावर घेतल्या, त्याची ही मासिक कमाई. जमेच्या बाजूला अर्थात चार वर्षांनंतर गाडी आहे. ती विसरून चालणार नाही.

आणि हा झाला चार फेऱ्यांचा महिना. तीन फेऱ्या झाल्या तर? उत्पन्न एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. डिझेल, टोल वगैरे त्या प्रमाणात कमी होऊन खर्च एक लाख छप्पन हजार. उरले बेचाळीस हजार. हप्ता मात्र कमी होत नाही. तो दिला की हातात १२,८३३. पगारी ड्रायव्हर होता तेव्हाच्या निम्मे! दोनच फेऱ्या झाल्या तर उरतात पंचवीस हजार, म्हणजे हप्ताच पुरा होत नाही. आणि परतीचे भाडे न मिळता गाडी रिकामी आली तर ती फेरी जवळपास फुकटच गेली म्हणायची.

तेव्हा घ्यावी की न घ्यावी याचे उत्तर हप्त्याच्या आकड्यात नसून फेऱ्यांच्या संख्येत आहे. मी वडिलांना एक डायरी दिली आणि दिवाळीपासून प्रत्येक खेप लिहायला सांगितली. माल भरायला किती दिवस थांबलो, खाली व्हायला किती, परतीला काय मिळाले. चार महिन्यांत चार फेऱ्यांचा महिना एकच निघाला. दोन महिने तीनचे, आणि एक अडीचचा. त्यात एका गोदामासमोर पाच दिवस गाडी नुसती उभी होती. पगारी ड्रायव्हरला हे पाच दिवस पत्ते खेळण्याचे असतात. मालकाला त्याच पाच दिवसांत हप्त्याचे जवळजवळ पाच हजार रुपये चढतात. वडील डायरी वाचून बराच वेळ गप्प बसले. नंतर म्हणाले, ‘‘हे दिवस कधी मोजलेच नव्हते रे.’’

ड्रायव्हरच्या हाताबाहेरच्या गोष्टीही आहेत. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका एक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन. ऐकणाऱ्याला वाटेल, ट्रकवाल्यांचे बरे झाले. पण तेवढाच माल वाहायला आता कमी गाड्या पुरणार, म्हणजे उरलेल्या गाड्या भाड्यासाठी एकमेकींशी चढाओढ करणार. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत दिली, ती ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली. परंतु त्या काळाचे व्याज चालूच राहिले. सवलत म्हणजे माफी असे समजून निर्धास्त राहिलेल्यांचे हप्ते नंतर लांबले.

आतापर्यंत मी बँक किंवा फायनान्स कंपनीविषयी बोललो. आमच्यापुढे आलेला प्रस्ताव मात्र तिसऱ्याच जातीचा आहे, आणि माझ्या मते ड्रायव्हरच्या वाट्याला बहुधा हाच येतो. शेठ म्हणतात : गाडीची किंमत नऊ लाख. दोन लाख आता द्या. बाकी सातसाठी अठ्ठेचाळीस महिने बावीस हजार, ते मी भाड्यातूनच कापून घेईन. गाडी माझ्याच ऑफिसच्या मालावर चालवायची. हप्ते फिटेपर्यंत आर. सी. माझ्या नावावर. मध्ये सोडलीत तर भरलेले पैसे गाडीचे भाडे समजायचे.

व्याजाचा शब्दही यात नाही. पण बावीस हजार गुणिले अठ्ठेचाळीस म्हणजे दहा लाख छप्पन हजार. सात लाखांवर तीन लाख छप्पन हजार जास्त. घटत्या बाकीवर हा दर बावीस टक्क्यांच्या जवळ जातो. तरीही मला खटकते ते व्याज नव्हे. हप्ता घेणारा आणि माल देणारा माणूस एकच आहे, हे खटकते. आपण वर पाहिले की सगळा डाव फेऱ्यांच्या संख्येवर आहे. फेऱ्या किती द्यायच्या ते शेठ ठरवणार. भाडे किती ते शेठ ठरवणार. हप्ता थकला की नाही तेही त्यांच्याच वहीत. त्यांच्या दुसऱ्या गाड्या आधी भरल्या आणि आमची दोन दिवस मागे ठेवली, तर त्यात लबाडी आहे असे कुणी म्हणू शकणार नाही. पण त्या दोन दिवसांचा हप्ता आमच्याकडूनच कापला जाणार. आणि आर. सी. त्यांच्या नावावर असल्यामुळे चार वर्षे आम्ही पियानोवाल्या गृहस्थाप्रमाणे भाडेकरू. गाडी जुनी होत जाणार आमच्या अंगावर.

ही पद्धत अमेरिकेत फार पसरलेली आहे आणि तिला तिकडे ‘लीज-पर्चेस’ म्हणतात. मालवाहतूक कंपनी आपल्याच ड्रायव्हरला ट्रक भाडेपट्ट्याने देते, मालही तीच देते, आणि आठवड्याच्या हिशेबातून ट्रकचे भाडे, डिझेल, विमा, दुरुस्ती-निधी कापून उरेल ते त्याच्या हाती ठेवते. ड्रायव्हरला नोकर न म्हणता स्वतंत्र ठेकेदार म्हणतात. त्यामुळे किमान वेतनाचा प्रश्न उठत नाही. न्यू प्राइम या कंपनीविरुद्ध अशाच एका ड्रायव्हरने दावा लावला. कपाती इतक्या होत की कधीकधी काम करूनही आपणच कंपनीचे देणे लागतो, अशी त्याची तक्रार होती. करारात लिहिल्याप्रमाणे हा वाद खासगी लवादाकडेच गेला पाहिजे, असे कंपनीचे म्हणणे होते. ठेकेदार म्हणवला जाणारा ड्रायव्हरही कोर्टात दाद मागू शकतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. पुढे २०२१ च्या कायद्याप्रमाणे या पद्धतीच्या चौकशीसाठी सरकारी समिती नेमली गेली. तिने जानेवारी २०२५ मध्ये अहवाल दिला, आणि ट्रक देणारी कंपनीच ड्रायव्हरचे काम, त्याची कमाई आणि त्याचे कर्ज या तिन्हींवर ताबा ठेवते असे करार बंदच करावेत, अशी शिफारस केली. काम, कमाई आणि कर्ज. शेठचा प्रस्ताव मी या तीन शब्दांवर ताडून पाहिला, तिन्ही ठिकाणी बोट थांबले.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या वाहतुकीत उचल घेऊन हंगामभर बिलातून फेडण्याची रीत आहेच. फरक इतकाच की तिथे गाडी निदान वाहतूकदाराच्या नावावर असते आणि हंगाम संपला की ती दुसरीकडे लावता येते.

वडिलांचे म्हणणे मी इथे दडपून ठेवणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, ‘‘तुझं गणित बरोबर आहे. पण शेठनं बावीस वर्षांत पगार एकदाही बुडवला नाही. बाहेरच्या ब्रोकरकडं गेलो तर अॅडव्हान्स देईल, बॅलन्ससाठी दीड महिना फिरवील. तोवर डिझेल कशानं भरू?’’ याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. मोकळा बाजार म्हणजे मोकळ्या हातांनी बसण्याचाही बाजार. ज्याच्याजवळ तीन महिन्यांचा हप्ता आणि एका इंजिनकामाचा खर्च बाजूला आहे, त्यालाच तो परवडतो. आमच्याजवळ दोन लाख आहेत, ते पहिल्याच दिवशी शेठकडे जातात. त्यात बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसेही आहेत.

म्हणून माझे मत असे झाले आहे. गाडी आपल्या नावावर, बोजा नोंदणीकृत संस्थेचा, माल कुणाचाही घेण्याची मोकळीक आणि गाठीला तीन महिन्यांचे हप्ते, एवढे जमत असेल तर ड्रायव्हरने जरूर मालक व्हावे. तीन फेऱ्यांच्या महिन्यातही चूल पेटेल इतका लहान हप्ता घ्यावा, म्हणजे गाडी थोडी जुनी चालेल पण कर्ज थोडे. शेठच्या अटींवर मात्र घेऊ नये. वडिलांनी मध्यममार्ग काढला. त्यांनी शेठना दोन गोष्टी विचारल्या : आर. सी. आत्ताच माझ्या नावावर करून तुमचा बोजा रीतसर चढवाल का, आणि ऑफिसात दोन दिवसांत माल नसेल तर मला बाहेरचा भरू द्याल का. पहिल्याला शेठ ‘बघू’ म्हणाले. दुसऱ्याचे उत्तर हा लेख देईपर्यंत आलेले नाही.

नावाचा आग्रह मी का धरला तेही सांगतो. ‘चालू हप्त्यावर गाडी’ घेण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. एकाला हप्ते झेपेनासे झाले की तो स्टँपपेपरवर लिहून गाडी दुसऱ्याच्या हवाली करतो, आर. सी. आणि कर्ज जुन्याच्याच नावावर राहते, नवा माणूस हप्ते भरत जातो. फायनान्सवाल्याच्या दृष्टीने हा नवा माणूस अस्तित्वातच नसतो. जुन्याने दुसरे कर्ज थकवले आणि त्यापायी कटकट उद्भवली, तर नव्याच्या हातात स्टँपपेपर. जुना तरी सुटतो का? नाही. गाडी विकली असली तरी नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. दोघेही बुडतील अशी ही सोय आहे.

शेवटी फॉर्म ३५ विषयी. सगळे हप्ते फिटले म्हणजे काम संपले असे ड्रायव्हर समजतो आणि पेढे वाटतो. पण बोजा आपोआप उतरत नाही. फायनान्सवाल्याकडून ना-हरकत दाखला आणि त्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आर. टी. ओ. कचेरीत अर्ज करावा लागतो, तेव्हा आर. सी. वरचे ते नाव पुसले जाते. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने सात वर्षांपूर्वी हप्ते फेडले आणि दाखला आणायचा राहून गेला. आता गाडी विकायची आहे. मध्यंतरी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, जुनी शाखा बंद पडली, आणि गिऱ्हाईक तयार असूनही तो तीन महिने पुण्याला खेटे घालतो आहे. हप्त्यांच्या पावत्या त्याच्या बायकोने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस निघाल्या, म्हणून निदान त्याचा अर्ज तरी घेतला गेला.